लिथियम-आयन बॅटरीची आग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खिशातल्या फोनपासून वीज साठवणाऱ्या मोठ्या केंद्रांपर्यंत सगळीकडे एकाच घराण्यातले सेल वापरले जातात. सेल कोट्यवधींनी बनतात तेव्हा त्यांतला एखादा सदोष निघणारच, हे धरून चालावं लागतं. मी बॅटरी पॅकच्या, म्हणजे अनेक सेल जोडून केलेल्या बॅटरीच्या, रचनेवर काम करतो, आणि मला रोज एकच प्रश्न पडतो : हा एक सेल बिघडला, तर शेजारच्याचं काय होईल? खालच्या बऱ्याच उत्तरांमागे तोच प्रश्न आहे.

बॅटरी पेटते म्हणजे नेमकं काय पेटतं? लिथियम?

बहुतेक वेळा नाही. धडधाकट लिथियम-आयन सेलमध्ये लिथियम धातूच्या रूपात नसतंच. ते आयन होऊन ग्रॅफाइटच्या (ऋण इलेक्ट्रोडच्या) थरांमध्ये किंवा कॅथोडच्या (धन इलेक्ट्रोडच्या) ऑक्साइडमध्ये शिरून बसलेलं असतं. मुख्यतः पेटतो तो इलेक्ट्रोलाइट, म्हणजे दोन्ही इलेक्ट्रोडमध्ये आयनांची ने-आण करणारा द्रव. इथिलीन कार्बोनेट, डायमिथाइल कार्बोनेट अशा सेंद्रिय द्रावकांत लिथियमचा क्षार विरघळवून तो बनवतात. यातल्या डायमिथाइल कार्बोनेटची वाफ साधारण १८ अंश सेल्सिअसलाही ठिणगी मिळाली की पेट घेते.

मग पाणी का वापरत नाहीत? पाणी १.२३ व्होल्टच्या पुढे फुटून त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊ लागतो, आणि यातल्या बहुतेक सेलचं व्होल्टेज साडेतीनच्या पुढे असतं. थोड्या वजनात भरपूर ऊर्जा मिळते ती याच व्होल्टेजमुळे, आणि याच व्होल्टेजमुळे आत ज्वालाग्राही द्रव भरावा लागतो.

त्यात भर म्हणजे कॅथोडच्या ऑक्साइडमध्ये ऑक्सिजन बांधलेला असतो आणि फार तापल्यावर तो सुटतो. इंधन, ऑक्सिजन आणि पेटवायला लागणारी उष्णता, तिन्ही गोष्टी एका बंद डबीत आहेत. म्हणूनच बाहेरची हवा तोडून ही आग नीट आवरत नाही.

‘थर्मल रनअवे’ हा शब्द सारखा कानावर येतो. ते काय असतं?

तापलेला सेल स्वतःच स्वतःला आणखी तापवू लागतो आणि मग थांबत नाही, ती अवस्था.

हे पायरीपायरीने घडतं. सेल कारखान्यात पहिल्यांदा चार्ज होतो तेव्हा ग्रॅफाइटवर अतिशय पातळ थर जमतो, दुधावर साय धरावी तसा. ही साय ग्रॅफाइटला इलेक्ट्रोलाइटपासून वाचवते. साधारण ८० ते १२० अंशांच्या दरम्यान ती तुटू लागते. उघडं पडलेलं ग्रॅफाइट इलेक्ट्रोलाइटशी भिडतं आणि उष्णता निघते. १३० अंशांच्या आसपास दोन इलेक्ट्रोडमधला पॉलिइथिलीनचा पडदा वितळतो. पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर १६५ च्या आसपास. पडदा आकसला की इलेक्ट्रोड एकमेकांना लागतात आणि साठवलेली वीज आतल्या आत उष्णता होऊन बाहेर पडते. २०० अंशांच्या आगेमागे निकेलचं प्रमाण जास्त असलेले कॅथोड ऑक्सिजन सोडू लागतात. तिथून पुढे तापमान काही सेकंदांत कित्येकशे अंशांवर जातं. हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, इथिलीन असे वायू जोराने बाहेर येतात आणि बहुधा तेच पेटतात.

हे आपोआप का थांबत नाही, त्याचं कारण साध्या हिशोबात आहे. रासायनिक क्रियेचा वेग ढोबळ मानाने दर दहा अंशांना दुप्पट होतो. सेलमधून बाहेर निसटणारी उष्णता मात्र फक्त तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात वाढते. काही अंशांपर्यंत निसटणारी उष्णता पुरी पडते. एकदा ती मागे पडली की पुन्हा गाठू शकत नाही. सुरक्षेचे सगळे उपाय या शर्यतीत कुठे ना कुठे हात घालतात : उष्णता कमी निर्माण व्हावी, लवकर निघून जावी, किंवा निदान पुढच्या सेलपर्यंत पोहोचू नये.

बॅटरी पूर्ण भरलेली असताना धोका जास्त असतो का?

हो, आणि किती ते हिशोबाने पाहता येतं. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा नेहमीचा दंडगोल सेल घ्या. ३.६ व्होल्ट आणि ३ अँपिअर-तास म्हणजे जवळपास ११ वॅट-तास, अर्थात सुमारे ४० किलोज्यूल. सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. ही सगळी वीज आतच उष्णता झाली तर तेवढ्यावरच सेल आठ-नऊशे अंशांनी तापेल. द्रव जळण्याची उष्णता यात अजून धरलेली नाही. सेल अर्धा भरलेला असेल तर विजेचा वाटा निम्म्यावर येतो. शिवाय पूर्ण भरलेल्या सेलमध्ये कॅथोडची घडण जास्त नाजूक झालेली असते आणि तो ऑक्सिजन लवकर सोडतो.

विमानाने माल म्हणून पाठवायच्या सेलमध्ये ३० टक्क्यांहून जास्त चार्ज नसावा, हा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा २०१६ चा नियम याच गणितावर उभा आहे.

सुरुवात कशामुळे होते?

काही कारणं बाहेरची असतात आणि ओळखीची असतात : सेल चेचला जाणं, त्यात स्क्रू घुसणं, मर्यादेपलीकडे चार्ज होणं, फार गरम जागी पडून राहणं, दोन्ही टोकं धातूने जोडली जाणं. अगदी संपेपर्यंत वापरून महिनोन्महिने तसाच ठेवलेला सेलही फसवा असतो. व्होल्टेज फार खाली गेलं की आतली तांब्याची पातळ पत्री विरघळू लागते, आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबं नको तिथे जाऊन साचतं.

आतली कारणं जास्त छळतात, कारण सेल कारखान्यातून निघताना ती दिसत नाहीत. दोन इलेक्ट्रोडमधला पडदा जेमतेम १० ते २५ मायक्रॉन जाड असतो, माणसाच्या केसाहून कितीतरी पातळ. तिथे धुळीएवढा धातूचा कण अडकला तरी पुरे. २००६ साली सोनीने बनवलेल्या लॅपटॉप बॅटऱ्यांमध्ये असेच सूक्ष्म कण राहून गेले होते. एकट्या डेलला ४१ लाख बॅटऱ्या परत बोलवाव्या लागल्या. २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ मध्ये एका पुरवठादाराच्या सेलचा कोपरा दबून ऋण इलेक्ट्रोड मुडपत होता. म्हणून दुसऱ्या पुरवठादाराचे सेल घातले, तर त्यांत वेल्डिंगचे टोकदार उंचवटे निघाले. शेवटी तो फोनच बंद करावा लागला. शेव्हरोले बोल्ट गाडीच्या सेलमध्ये फाटलेला टॅब (इलेक्ट्रोडमधून वीज बाहेर नेणारी पट्टी) आणि दुमडलेला पडदा असे दोन दोष होते. दोन्ही एकाच सेलमध्ये जमून आले की आगीचा धोका होता, आणि त्यासाठी २०२१ मध्ये त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या गेल्या.

ही तीन उदाहरणं मी मुद्दाम सांगतो. तिन्हीकडे अनुभवी उत्पादक होते. रसायन बदलण्याच्या चर्चा खूप होतात, पण कारखान्यातली हवा स्वच्छ ठेवणं, प्रत्येक सेल एक्स-रेखाली पाहणं आणि सेल काही दिवस बाजूला ठेवून त्याचं व्होल्टेज हळूहळू उतरतं का ते तपासणं, या कंटाळवाण्या कामांनी आजवर जास्त आगी टाळल्या आहेत असं माझं ठाम मत आहे.

थंडीत चार्ज करणं धोक्याचं का मानतात?

शून्य अंशाखाली लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये पुरेशा वेगाने शिरू शकत नाहीत. मग ते पृष्ठभागावरच धातू होऊन साचतात, कधी सुईसारख्या आकारात. या सुयांना डेंड्राइट म्हणतात, आणि त्या पडदा भेदू शकतात. थंडीत बॅटरी वापरायला हरकत नाही. चार्ज करण्याआधी तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्या. प्रमाणाबाहेर वेगाने चार्ज केल्यावरही असंच साचणं होतं.

ग्रॅफाइटऐवजी लिथियम टायटनेट वापरलं तर हा त्रास जवळजवळ उरत नाही, कारण त्याचं व्होल्टेज लिथियम धातूपासून दीड व्होल्ट दूर असतं. पण तोच दीड व्होल्ट सेलच्या एकूण व्होल्टेजमधून वजा होतो. त्यामुळे बस किंवा अवजड यंत्रांत ते शोभतं, फोनमध्ये नाही.

हा प्रश्न नवा आहे की सुरुवातीपासूनचा?

सुरुवातीपासूनचा. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातूचा इलेक्ट्रोड असलेली बॅटरी बनवली आणि तेव्हाच आगींशी गाठ पडली. १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड दिला. मग अकिरा योशिनो यांनी धातूऐवजी कार्बन वापरून १९८५ मध्ये आजच्या सेलचा पूर्वज तयार केला. पुढच्याच वर्षी त्यांनी सेलवर लोखंडी वजन आदळून चाचणी घेतली. लिथियम धातूचा सेल भडकला, कार्बनवाला भडकला नाही. १९९१ मध्ये सोनीने अशा बॅटऱ्या बाजारात आणल्या आणि २०१९ मध्ये या तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणजे आज आपण जिला धोकादायक म्हणतो, ती बॅटरी मुळात जास्त सुरक्षित पर्याय म्हणून जन्माला आली. मधल्या काळात प्रत्येक ग्रॅममध्ये आणखी ऊर्जा कोंबत गेल्याने सुरक्षेची ती मोकळीक कमी कमी होत गेली.

एलएफपी बॅटरी पेटत नाही, हे खरं आहे का?

कमी सहजपणे पेटते, हे खरं. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. त्यातला ऑक्सिजन फॉस्फरसशी इतका घट्ट बांधलेला असतो की तापल्यावरही सहज सुटत नाही. निकेलच्या कॅथोडपेक्षा त्याला बिघडायला जास्त तापमान लागतं आणि बिघडल्यावर निघणारी उष्णताही बरीच कमी असते. बदल्यात व्होल्टेज ३.२ च्या आसपासच मिळतं आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी बॅटरी जड होते. जिथे वजन सोसतं तिथे मी डोळे झाकून हाच पर्याय सुचवेन.

पण ‘पेटत नाही’ असं मात्र म्हणू नका. इलेक्ट्रोलाइट तोच ज्वालाग्राही द्रव आहे. एलएफपी सेल तापून फुटला की ज्वाळा न दिसता पांढरट धूर येतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, संकट टळलं. त्या धुरात हायड्रोजनचं प्रमाण मोठं असतं. बंद खोलीत तो साचला आणि मग ठिणगी मिळाली, तर स्फोट होतो.

न पेटणारा इलेक्ट्रोलाइट का वापरत नाहीत?

वर्षानुवर्षं प्रयत्न चालू आहेत आणि अडचण दरवेळी एकाच जागी येते. ट्रायमिथाइल फॉस्फेटसारखी अग्निरोधक द्रव्यं मिसळली तर द्रव खरंच पेटत नाही. पण परिणाम दिसावा इतकं घातलं, की ते ग्रॅफाइटवरची ती साय नीट धरू देत नाही आणि सेलचं आयुष्य घटतं. थोडंच घातलं तर सेल टिकतो, पण आग रोखण्याइतका जोर त्यात राहत नाही.

यातून दोन-तीन हुशार वाटा निघाल्या. क्षाराचं प्रमाण इतकं वाढवायचं की मोकळा द्रावक उरूच नये. अशा दाट द्रवात फॉस्फेटही ग्रॅफाइटशी जुळवून घेतं. दाट द्रव महाग आणि घट्ट होतो, म्हणून त्यात फ्लोरिनयुक्त इथर घालून तो पातळ करतात. पाण्याचीही पुन्हा आठवण झाली : २०१५ मध्ये पाण्यात प्रचंड प्रमाणात लिथियमचा क्षार विरघळवून ते सुमारे ३ व्होल्टपर्यंत टिकवता येतं असं दाखवलं गेलं. ग्रॅफाइटला तेवढंही पुरत नाही, तरी १.२३ वरून ३ पर्यंत मजल गेली ही लहान गोष्ट नव्हे.

मला सर्वात आवडलेली कल्पना स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांची, २०१७ सालची. अग्निरोधक द्रव्य इलेक्ट्रोलाइटमध्ये मिसळण्याऐवजी त्यांनी ते पडद्याच्या तंतूंच्या पोटात भरलं. एरवी ते बंदिस्त असतं, त्यामुळे सेलच्या कामात लुडबूड करत नाही. तापमान १६० अंशांच्या आसपास गेलं की तंतूंचं आवरण वितळतं आणि द्रव्य बाहेर येतं. प्रयोगात इलेक्ट्रोलाइटची ज्वाळा ०.४ सेकंदात विझली. प्रयोगशाळेतला चौकोनी तुकडा आणि कारखान्यातून सलग, वेगाने निघणारा पडदा यांत अंतर मोठं आहे, हेही खरं.

पडदा सुधारून काही साधतं का?

बरंच साधतं, आणि बरंचसं आधीच वापरात आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या दोन थरांमध्ये पॉलिइथिलीनचा थर ठेवतात. १३० अंशांना मधला थर वितळून छिद्रं बुजवतो, आयनांची ये-जा थांबते, आणि बाहेरचे थर अजून उभे असल्याने इलेक्ट्रोड भिडत नाहीत. ही सवलत ३०-३५ अंशांचीच आहे. तापमान त्याहून वर सरकलं तर बाहेरचे थरही जातात. म्हणून पडद्यावर ॲल्युमिनाचा, म्हणजे सिरॅमिकचा, लेप देतात. प्लॅस्टिक वितळलं तरी लेप आकसू देत नाही. लेपाने वजन किंचित वाढतं. माझ्या दृष्टीने बॅटरीतली ही सर्वात रास्त किंमत आहे.

घन इलेक्ट्रोलाइट आला की प्रश्न संपेल ना?

खूप हलका होईल. संपेल असं म्हणायला मी तयार नाही.

द्रव गेला म्हणजे सहज पेटणारं इंधन गेलं, ही मोठी गोष्ट आहे. पण घन इलेक्ट्रोलाइटकडे वळण्यामागचा खरा हेतू बहुधा लिथियम धातूचा इलेक्ट्रोड परत आणणं हा असतो, कारण त्याने ऊर्जा वाढते. लिथियम धातू १८० अंशांना वितळतो आणि वितळल्यावर हवेशी, पाण्याशी जोरात भिडतो. सल्फाइडचे घन इलेक्ट्रोलाइट आयन उत्तम वाहून नेतात, पण ओलावा लागला की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सोडतात. ऑक्साइडचे इलेक्ट्रोलाइट जळत नाहीत, मात्र ठिसूळ असतात आणि त्यांच्याही सूक्ष्म भेगांतून डेंड्राइट वाट काढतात. पॉलिमरचे इलेक्ट्रोलाइट तर स्वतःच जळू शकतात. एप्रिल २०२२ मध्ये पॅरिसमध्ये दोन विद्युत बस पेटल्या आणि त्या मॉडेलच्या १४९ बस रस्त्यावरून काढाव्या लागल्या. त्यांतल्या बॅटऱ्या लिथियम धातू आणि पॉलिमर इलेक्ट्रोलाइटच्या होत्या.

आणि सोडियम-आयन?

यात लिथियमच्या जागी सोडियम असतं. एक गुण फार मोलाचा : दोन्हीकडे ॲल्युमिनियमची पत्री चालत असल्याने हे सेल शून्य व्होल्टपर्यंत रिकामे करून पाठवता येतात. वाहतुकीतला धोका त्याने खूपच घटतो. पण इलेक्ट्रोलाइट सेंद्रिय द्रवच आहे, त्यामुळे भरलेला सोडियम-आयन सेलही थर्मल रनअवेमध्ये जाऊ शकतो.

सेलच्या आत आधीपासून कोणती सुरक्षा असते?

दंडगोल सेलच्या टोपीखाली पुष्कळ काही दडलेलं असतं. तापल्यावर रोध वाढवून प्रवाह आवळणारी चकती, आतला दाब वाढला की वरच्या दिशेला उचकटून जोडणी तोडणारी पत्री, आणि दाब हाताबाहेर गेला तर वायूला वाट देणारी झडप. ही साधनं जास्त चार्जिंग आणि बाहेरचं शॉर्ट सर्किट चांगलं सांभाळतात. शॉर्ट सर्किट सेलच्या पोटातच झालं तर ती काही करू शकत नाहीत. मऊ पाकिटासारख्या पाउच सेलमध्ये तर टोपीच नसते; तिथे संरक्षणाचा भार बाहेरच्या सर्किटवर आणि पॅकवर येतो.

एका सेलची आग बाकीच्यांपर्यंत जाऊ नये म्हणून काय करतात?

माझं काम हेच, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ विमानांच्या बॅटऱ्या नऊ दिवसांत दोनदा बिघडल्या : एकदा बॉस्टनच्या विमानतळावर उभ्या विमानात, आणि एकदा जपानमध्ये उड्डाणादरम्यान, ज्यामुळे विमान ताकामात्सुला उतरवावं लागलं. जगभरची ७८७ विमानं जमिनीवर थांबवली गेली. बॅटरीत आठच मोठे सेल होते. बॉस्टनच्या तपासात दिसलं की एका सेलमध्ये आतून शॉर्ट झालं आणि उष्णता एकातून दुसऱ्यात पसरत गेली. एका सेलचा बिघाड पसरू शकतो, हे मूळ सुरक्षा-आढाव्यात धरलंच नव्हतं. दुरुस्तीत दोन सेलच्या मध्ये जास्त निरोधक घातलं, चार्जिंगच्या मर्यादा कडक केल्या, बॅटरी पोलादी पेटीत बंद केली आणि पेटीतून थेट विमानाबाहेर जाणारी नळी काढली. नेमका कोणता दोष पहिल्या सेलमध्ये होता ते कळण्याची वाट पाहिली गेली नाही. तो कुठलाही असो, पुढे जाता कामा नये, अशी रचना केली. मला हा विचार फार योग्य वाटतो.

आजच्या पॅकमध्येही हेच तत्त्व दिसतं. सेलच्या मध्ये एरोजेल (अतिशय हलका, उष्णता अडवणारा पदार्थ) किंवा अभ्रकाचे तक्ते घालतात. अभ्रक हजारभर अंशांपर्यंत तग धरतं. काही ठिकाणी तापल्यावर फुगून जाड होणारे लेप वापरतात. तळाशी किंवा बाजूने थंड द्रवाच्या नळ्या असतात. सेलची झडप कुठल्या दिशेला उघडते तेही ठरवावं लागतं, नाहीतर फुटलेल्या सेलचा झोत सरळ शेजाऱ्यावर बसतो. काही पॅकमध्ये प्रत्येक सेलला स्वतंत्र फ्यूज-तार असते, म्हणजे शॉर्ट झालेल्या सेलमध्ये बाकीचे आपली वीज ओतत नाहीत.

यातली रस्सीखेच समजून घेण्याजोगी आहे. रोजच्या वापरात सेल थंड राहावेत म्हणून उष्णता सहज पसरावी असं वाटतं. बिघाडाच्या क्षणी तीच उष्णता पसरू नये असं वाटतं. त्यामुळे उष्णता तळाकडे सहज जाईल पण शेजाऱ्याकडे जाणार नाही, अशी दिशा ठरवून रचना करावी लागते. मी पॅक उघडून पाहतो तेव्हा सेल कुणाचे आहेत याच्या आधी दोन सेलमधली जागा बघतो.

नियमही आता इकडे वळले आहेत. चीनच्या वाहन-बॅटरी मानकात २०२० मध्ये अट होती की थर्मल रनअवेनंतर गाडीत धोका पोहोचण्याच्या ५ मिनिटं आधी इशारा मिळावा. २०२५ च्या नव्या आवृत्तीत पॅकने पेटू नये आणि फुटू नये, अशी अट आली.

बीएमएस असताना काळजी कशाला?

बीएमएस म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट. व्होल्टेज, प्रवाह आणि तापमान पाहून ते चार्जिंग तोडतं, सेल समपातळीत ठेवतं. त्याच्याविना लिथियम-आयन पॅक वापरूच नये. मात्र शॉर्ट सेलच्या आत झालं असेल तर बाहेरचा स्विच उघडून आतला प्रवाह थांबत नाही. तेव्हा त्याच्या हातात एकच काम उरतं, वेळेवर ओरडणं. सेल ज्वाळा दिसण्याआधी बहुधा वायू सोडतो, म्हणून मोठ्या साठवण केंद्रांत आता वायू ओळखणारे संवेदकही बसवतात.

आग विझवणारा वायू सोडला की काम झालं?

नाही, आणि हे शिकायला फार मोठी किंमत मोजावी लागली. १९ एप्रिल २०१९ रोजी अमेरिकेत ॲरिझोनातल्या सर्प्राइझ या गावी वीज साठवण्याच्या एका बंदिस्त केंद्रात एक सेल बिघडला. आग विझवणारा वायू ठरल्याप्रमाणे सुटला. पण तो सेलमधली उष्णता काढू शकत नव्हता. रनअवे एका सेलमधून दुसऱ्यात जात राहिला आणि ज्वलनशील वायू ज्वाळेशिवाय साचत गेले. काही तासांनी दार उघडल्यावर स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे जवान गंभीर जखमी झाले.

ज्वाळा विझवायची आणि उष्णता तशीच ठेवायची, हे या बॅटरीत घातक ठरू शकतं. म्हणून आता वायू बाहेर काढण्याची सोय, दाब मोकळा करणारी दारं आणि पाण्याने थंड करण्याची व्यवस्था यांवर भर असतो. ‘यूएल ९५४०ए’ ही चाचणी मुद्दाम एक सेल रनअवेमध्ये घालवून पुढे काय होतं ते मोजते. साठवण केंद्राच्या खरेदीशी तुमचा संबंध असेल, तर त्या चाचणीचा अहवाल मागून वाचा. नुसतं ‘चाचणी झाली आहे’ हे वाक्य पुरेसं नाही, कारण त्या चाचणीत पास-नापास नसतंच. निकालात आकडे असतात.

घरी चार्ज करताना काय पाळावं?

बॅटरीसोबत आलेला किंवा तिच्यासाठीच सांगितलेला चार्जर वापरा. पिन बसते म्हणून चार्जर जुळतो असं नसतं. व्होल्टेज वेगळं असू शकतं. सायकल, स्कूटर यांच्या मोठ्या बॅटऱ्या बाहेर पडण्याच्या वाटेत चार्ज करू नका. आग लागली तर बाहेर पडायला तीच वाट हवी असते. गादी, उशी, सोफा यांवर चार्जिंग नको. मोठी बॅटरी सगळे झोपलेले असताना लावून ठेवू नये. जवळपास धूर ओळखणारा अलार्म असावा. बॅटरी बरेच दिवस पडून राहणार असेल तर अर्ध्याच्या आसपास चार्ज ठेवून कोरड्या, थंड जागी ठेवा.

बॅटरी फुगली आहे, पण फोन चालू आहे. वापरू का?

नको. आत वायू तयार झाला आहे, म्हणजे आतलं रसायन बिघडलं आहे. चार्जिंग थांबवा, यंत्र बंद करा. टोचून वायू काढायचा विचारही करू नका. दाबून झाकण बसवू नका. न जळणाऱ्या पृष्ठभागावर, शक्यतो घराबाहेर ठेवा आणि बॅटऱ्या स्वीकारणाऱ्या केंद्रात द्या.

पेटलीच तर पाणी घालायचं का?

लहान यंत्र असेल, विजेचा संबंध तोडता येत असेल आणि तुमच्या मागे मोकळी वाट असेल, तर हो, भरपूर पाणी. लिथियम पाण्यात भडकतं ही भीती शुद्ध लिथियम धातूबद्दल खरी आहे. लिथियम-आयन सेलमध्ये तो धातू नगण्य असतो, आणि गरज असते ती उष्णता ओढून घेण्याची. ते काम पाण्याइतकं स्वस्तात दुसरं काही करत नाही. कार्बन डायऑक्साइड किंवा कोरडी पावडर ज्वाळा दाबते, पण सेल थंड करत नाही.

स्कूटर किंवा त्याहून मोठी बॅटरी असेल तर काहीही विझवायला थांबू नका. बाहेर पडा, दार मागे ओढून घ्या, अग्निशमन दलाला बोलवा आणि बॅटरी आहे हे आवर्जून सांगा. धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो आणि तो फुप्फुसांना फार घातक आहे.

विझल्यानंतर?

तास किंवा दिवस उलटल्यावरही ती पुन्हा पेटू शकते, कारण अर्धवट भाजलेल्या सेलमध्ये वीज अडकून राहते. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या बॅटरीबाबतही हेच होतं. २०२२ मध्ये अमेरिकेत इयन चक्रीवादळानंतर फ्लोरिडात समुद्राच्या पाण्याखाली गेलेल्या काही विद्युत गाड्या नंतर पेटल्या. अशी गाडी किंवा बॅटरी इमारतीपासून लांब, मोकळ्यावर ठेवावी.

विमानात पॉवर बँक सामानात टाकली तर चालेल?

चेक-इन सामानात नाही. सोबतच्या हातातल्या बॅगेत ठेवायची. १०० वॅट-तासांपर्यंत साधारणपणे चालते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. केबिनमध्ये धूर निघाला तर कर्मचारी पाणी घेऊन पोहोचू शकतात. सामानाच्या कप्प्यात कुणी पोहोचू शकत नाही.

जुन्या पॅकमधले चांगले सेल काढून नवा पॅक बनवला तर?

व्होल्टेज बरोबर आलं म्हणून सेल चांगला ठरत नाही. दोन जुन्या सेलची क्षमता आणि आतला रोध वेगळा असतो, ओळीत जोडल्यावर कमकुवत सेल आधी भरतो आणि आधी रिकामा होतो, म्हणजे दोन्ही टोकांना तोच मर्यादा ओलांडतो. त्याचा इतिहास, तो कधी पडला होता का, कधी शून्यापर्यंत उतरला होता का, हे कुठेच लिहिलेलं नसतं. प्रत्येक सेलची क्षमता, रोध आणि काही आठवड्यांतली व्होल्टेजची घसरण मोजून, सेल जुळवून आणि बीएमएस लावून हे काम करणारे लोक आहेत. एवढं मोजायची तयारी नसेल, तर ते सेल टोकांना चिकटपट्टी लावून पुनर्वापर केंद्रात द्या. साध्या कचऱ्यात टाकू नका. कचरागाडीचा दाबयंत्राचा पाटा आणि चेचलेला सेल यांची गाठ पडली की आग गाडीच्या पोटात लागते, आणि तिथे ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.